आठ महिन्यांनंतर: ११४ मिमीची दुर्बीण आणि ग्रेटिंगची फिल्म

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून गेल्या नोव्हेंबरात दुर्बीण घेऊन दिली. आरसा ११४ मिमीचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं) ९०० मिमी, नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, २५ आणि १० मिमीच्या. म्हणजे ३६ पट आणि ९० पट. त्याच वेळी मी पदरच्या पैशानं ग्रेटिंगची फिल्म मागवली, प्रकाशातले रंग सुटे करणारी, मिलिमीटरला ५०० बारीक रेषांची. दुर्बिणीचं कौतुक गावभर झालं. फिल्मचं कुणी नावही घेतलं नाही.

दुर्बीण चांगली आहे, पण एकट्यादुकट्याला. चंद्राची विवरं, गुरूचे चार चंद्र ३६ पटीवर झकास दिसतात. ९० पटीवर मात्र गुरू दोन-सव्वादोन मिनिटांत कडेनं निसटतो, आणि रांगेत बेचाळीस पोरं! त्यातल्या कुणाचा तरी पाय तिवईला लागतोच. मग "ओ बाई, काहीच दिसंना की!" आणि मी पुन्हा शोधकात, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत, डोळा घालून बसते.

पेटीत नेत्रिकेला लावायची काळी 'सूर्यकाच' आली होती. ती पहिल्याच दिवशी फोडून टाकली. प्रकाश एकवटतो तिथल्या उष्णतेनं अशी काच तडकते आणि डोळा जातो. विकणाऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "सगळेच देतात, बाई." तुमच्याकडे असेल तर ठेवू नका. सूर्य बघायचाच तर नळीच्या तोंडावर बसणारा खात्रीचा फिल्टर घ्या.

आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला प्रश्न दुर्बीण न लावताच आला. जानेवारीत मृग दाखवत होते, तर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पाऊस मिरगात लागतो, मग मिरग थंडीत कसा काय दिसतोय?" अंगणात मध्ये कंदील ठेवला, पोरांना भोवती फिरवलं. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून ते नक्षत्र त्याच्या उजेडात बुडतं, हे तिनंच दुसऱ्यांना समजावलं.

आता फिल्म. पुठ्ठ्याच्या नळीला एका टोकाला दोन ब्लेडांची फट, दुसऱ्या टोकाला फिल्मचा तुकडा. जुन्या पिवळ्या बल्बात सलग पट्टा, सीएफएलमध्ये सुट्ट्या रेषा, पांढऱ्या एलईडीत निळा उठून. स्पिरिटच्या दिव्यावर मीठ टाकलं की एकच पिवळी रेघ, मिठातल्या सोडियमची. दहावीच्या पोरांनी दिव्यामागं आडवी मोजपट्टी धरली, एक मीटरवरून फिल्ममधून पाहिलं. रेघ दिव्यापासून साडेतीस सेंटीमीटरवर दिसली. त्रिकोणमिती लावून त्या प्रकाशाची तरंगलांबी निघाली ५८३ नॅनोमीटर, पुस्तकात ५८९. त्या दिवशी मधली सुट्टी कुणाला आठवली नाही.

त्याच जोरावर हेलियमच्या शोधाची गोष्ट सांगितली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरला सूर्यग्रहणात हेलियम सापडला, असं मीही वर्षानुवर्षं वर्गात ठोकून सांगत आले. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रासाला लॉकियर इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ ला आपल्या जवळ, जमखंडीला, वर्णपटदर्शक (प्रकाशातल्या रेषा दाखवणारं यंत्र) घेऊन बसला होता लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. सूर्याच्या ज्वाळांत त्याला ज्या तेजस्वी रेषा दिसल्या, त्यातली एक सोडियमच्या रेघेला खेटून होती. तीच पुढं हेलियमची ठरली, ५८७.६ नॅनोमीटरची. आमच्या पोरांचं माप सहानं चुकलं होतं, त्यामुळं दीड नॅनोमीटरचा हा फरक ओळखणं किती अवघड, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

फिल्मची खोडही सांगते: बोटाचा घाम लागला की डाग जात नाही. सहा तुकडे असेच गेले. आता स्लाइडच्या पुठ्ठ्यात बसवून देते.

दुर्बीण मिरग लागल्यापासून पेटीत आहे. आमच्याकडच्या पावसात आरशाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली आहे आणि दर शनिवारी उघडून बघते. नळ्या मात्र पोरांच्या दप्तरात आहेत. परवा किराणा दुकानदारानं विचारलं, "बाई, तुमची पोरं माझ्या बल्बाकडं काय बघत असतात?"