क्राउन ग्रीन बोल्स: ड्रॉ की स्ट्राइक?

उत्तर इंग्लंडमध्ये रुजलेल्या क्राउन ग्रीन बोल्स या खेळात मैदान मध्यभागी उंचावलेले असते आणि प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला दोनच चेंडू येतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा चेंडू जॅकला (आधी टाकलेला छोटा लक्ष्य-चेंडू, ज्याच्या जवळ आपला चेंडू न्यायचा असतो) चिकटून थांबला की शेवटचा चेंडू हळुवार टेकवायचा (ड्रॉ) की जोराने आदळायचा (स्ट्राइक), हे ठरवणे भाग पडते. ड्रॉमध्ये चेंडूचे अंगभूत वळण (घडणीमुळेच तो एका बाजूला वळत जातो) आणि मैदानाचा उतार या दोहोंचा हिशेब ठेवावा लागतो. मात्र येथे जॅकलाही वळण असते, त्यामुळे त्याने घेतलेली वाट बारकाईने पाहणाऱ्याला दिशा बरीचशी आयती मिळते. स्ट्राइकमध्ये वेगामुळे वळण आणि उतार दोन्ही कमी जाणवतात, पण नेम चुकल्यास चेंडू बहुधा मैदानाबाहेर जाऊन बाद होतो. जॅकच मैदानाबाहेर उडाला तर ती फेरी गुणांविना रद्द होते, आणि दोन गुण गमावण्याची वेळ आलेल्या खेळाडूला तेही चालते.

माझ्या मते सरावाचा मोठा वाटा ड्रॉलाच द्यावा: चेंडू हातात धरताना वळण अंगठ्याच्या किंवा बोटाच्या बाजूला ठेवून, अशा दोन्ही प्रकारे, जॅकचे अंतर दरवेळी बदलून, उंचवट्यावरून आणि त्याला वळसा घालून. स्ट्राइकसाठी सरावाच्या अखेरीचे मोजके चेंडू पुरतात, कारण तेथे मुख्यतः न डळमळणारा हातच हवा असतो.