हंबनटोटा आणि पिरेअस : चिनी बंदर-गुंतवणुकीच्या दोन तऱ्हा

श्रीलंकेतील हंबनटोटा आणि ग्रीसमधील पिरेअस ही दोन्ही बंदरे आज चिनी सरकारी कंपन्यांच्या हाती असली, तरी चीन तिथे पोहोचला तो अगदी वेगळ्या वाटांनी. हंबनटोटा चीनच्या सरकारी एक्झिम (आयात-निर्यात) बँकेच्या कर्जातून, जवळजवळ कोऱ्या किनाऱ्यावर उभे राहिले. जहाजे पुरेशी फिरकेनात, तेव्हा 2017 मध्ये चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने सुमारे 112 कोटी डॉलर मोजून ते 99 वर्षांच्या कराराने घेतले. याला सरसकट ‘कर्जाचा सापळा’ (न फिटणारे कर्ज देऊन मालमत्ता बळकावणे) म्हणणे मला घाईचे वाटते, कारण त्या पैशातून बंदराचे कर्ज फिटले नाही. तो श्रीलंकेच्या रिकाम्या होत चाललेल्या परकीय गंगाजळीत गेला आणि एक्झिम बँकेचे हप्ते सरकारच्याच डोक्यावर राहिले.

पिरेअस मात्र मुळातच चालते बंदर होते. कॉस्को या चिनी सरकारी जहाज कंपनीने 2009 मध्ये तिथले कंटेनर धक्के चालवायला घेतले आणि 2016 मध्ये, कर्जदात्यांच्या अटींमुळे ग्रीस सरकारी मालमत्ता विकत असताना, बंदर प्राधिकरणाचे 51 टक्के भाग विकत घेतले. 2021 मध्ये हा वाटा 67 टक्क्यांवर गेला. व्यापाराच्या दृष्टीने पिरेअस उजवे ठरते, यात वाद नाही.

राजकीय किंमत दोन्हीकडे आहे. 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारे चिनी जहाज भारताच्या आक्षेपानंतरही हंबनटोटाला लागले; ग्रीसने तर 2017 मध्येच चीनच्या मानवाधिकार स्थितीवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन अडवले होते.