झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर बोंडअळीचा डेटा टाकला, अनुभव सांगतो (5 पैकी 4 स्टार)

मी दारव्हा तालुक्यातला, घरी कास्तकारी, एमएस्सी ॲग्री केलंय. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीचं (कपाशीचं) काय केलं ते डोळ्यानं पाह्यलं, म्हणून नंतर तीन सीझन आमच्या आन् शेजारच्या वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून रोज सकाळी बोंडअळीचे पतंग मोजले. डिग्री भेटली आन् आकडे दोन वह्यांत पडून राह्यले, एका वहीची तर पावसात शाई पसरली. त्याआधी मी स्वतः एका ऑफिसात जुना डेटा मागायला चार चकरा मारल्या होत्या, भेटलं काय तर तिरप्या झेरॉक्सचा पीडीएफ, अर्धे आकडे वाचताच येत नव्हते. तेव्हाच ठरवलं, आपल्या आकड्यांसाठी कोणावर अशी पाळी येऊ द्यायची नाही.

झेनोडो सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेवाल्यांनी 2013 मध्ये सुरू केलं. फुकट आहे. एका रेकॉर्डला 50 जीबी चालते, माझी सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल) एक एमबीपण नाही. डीओआय भेटतो, म्हणजे डेटाचा कायमचा नंबर, पेपरात तोच लिहायचा. लायसन्स सीसी बाय घेतलं, कोणीही वापरा फक्त नाव द्या.

अपलोड दहा मिनिटांत झालं पण त्याच्या आधीच्या साफसफाईत पंधरा दिवस गेले. एक्सेलनं 7/8 चं सात ऑगस्ट सोडून आठ जुलै करून ठेवलेलं, गावाचं नाव मीच तीन स्पेलिंगनं लिहिलेलं. शेतकऱ्यांची नावं आन् गट नंबर काढून टाकले, त्यांनी सापळे लावू दिले होते, नाव जगभर पाठवा असं नाही म्हटलं. रीडमीत (डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत) सापळ्याची उंची, ल्युर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदलला, सगळं लिहिलं, ते नसलं तर नुसत्या आकड्यांचा दुसऱ्याला काही उपयोग नाही. डेटा बरोबर की चूक हे तिथं कोणी तपासत नाही, ते आपल्यालाच पाहा लागते. एक स्टार कमी दिला कारण सगळं इंग्रजीत आहे, आमच्याकडचे कृषी सहायक, गटशेतीवाले पोरं तिथंच अडतात.

चार महिन्यांनी परभणीकडच्या एका पोरीचा मेल आला, ती माझ्या आकड्यांना पावसाचे आकडे जोडून पाहत होती. तिनं विचारलं, सर काही चौकटी रिकाम्या आहेत, तिथं पतंग शून्य होते की त्या दिवशी मोजलेच नाही? मला एकदम धस्स झालं. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की फवारणीची वेळ, असा हिशोब असतो, तिथं रिकाम्याला शून्य धरलं तर सगळंच बिघडते. वह्या काढून बसलो रात्रभर. पोळ्याच्या दिवशी गेलो नव्हतो, नाल्याला पूर होता ते दोन दिवस बी गेलो नव्हतो, बाकीचे खरेच शून्य. व्हर्जन 2 टाकलं, जुनं बी तिथंच आहे, काय बदललं तेही लिहिलं, आन् आभारात त्या पोरीचं नाव तिला विचारून टाकलं.