बाजू मेलायू घेतला खरा, पण काखेत घात झाला

ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं क्वालालंपूरला, सगळ्या पोरांनी एकाच रंगाचा बाजू मेलायू (मलय पुरुषांचा पारंपरिक शर्ट-पॅन्टचा पोशाख) घालायचा असं ठरलं, म्हणून मी मस्जिद जामेक स्टेशनला उतरून जालान तुआंकू अब्दुल रहमान या रस्त्यावर गेलो. दुकानाचं नाव देत नाही, तिथे अशी दुकानं ओळीनेच आहेत.

दुकानातला माणूस 'अबांग, अबांग' (म्हणजे दादा, दादा) करत मागे लागला आणि स्लिम फिट चकाक मुसांग गळ्यात मारला. म्हणजे उभी कॉलर, पुढे पट्टी अन् पाच बटणं. बटणं शर्टाला शिवलेली नसतात हां, नुसती काजं असतात, बटणांचा सेट डबीत वेगळा विकत घ्यायचा, हे मला घरी येऊन कळलं 😅

कापड छान होतं, रंग पण मस्त, पॅन्टला इलॅस्टिक म्हणून बिर्याणीची काळजी नाही. पण जुन्या पद्धतीच्या शिलाईत काखेखाली कापडाचा एक वेगळा चौकोनी तुकडा लावतात, त्याने हात मोकळा फिरतो, तो या स्लिम फिटमध्ये गायब! ट्रेनमध्ये वरचा दांडा धरला आणि चर्रर्र. अख्खं लग्न हात अंगाला चिकटवून काढलं, फोटोत मी शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा दिसतोय.

कमरेपासून गुडघ्यापर्यंत जे कापड गुंडाळतात ते साम्पिंग मात्र पैसे वसूल. मी वेल्क्रोवालं रेडीमेड घेतलं, मशीनचं, पण लांबून झकास दिसतं. खरं हातमागाचं सोंगकेट, ज्यात विणतानाच जरीचा धागा घालून नक्षी काढतात, मलेशियातल्या तेरेंगानू राज्याचं वगैरे, ते माझ्या पगारात बसत नाही, फक्त हात लावून बघितलं. वजनच वेगळं हो त्याचं. डोक्यावरची काळी सोंगकोक टोपी मित्राचीच उसनी घेतली.

पंगतीत शेजारी मलेशियातल्याच जोहोर राज्याचे एक आजोबा होते, ते म्हणाले आमच्याकडे तलुक बलांगा घालतात, बिनकॉलरचा, गोल गळा, एकच बटण, आणि साम्पिंग शर्टाच्या आत. मला ते ऐकूनच हायसं वाटलं, पाचाऐवजी एक बटण!

दुकानाला ५ पैकी २, दोन्ही साम्पिंगसाठी. तलुक बलांगा दुसऱ्या शिंप्याकडे टाकलाय, माप देताना आधी काखच दाखवली त्याला.