कार्डाची खाच आहे, मोकळीक नाही

मेमरी कार्डाची खाच फोनमधून झपाट्याने नाहीशी होत असताना मधल्या किमतीच्या या अँड्रॉइड फोनमध्ये ती दिलेली आहे आणि अनेकजण केवळ तेवढ्यासाठीच तो घेतील. म्हणून कॅमेरा आणि बॅटरी समाधानकारक आहेत एवढेच नमूद करून कार्डाविषयीच सविस्तर लिहीत आहे.

फोटो, गाणी आणि चित्रपट यांपुरता हा फोन निराश करत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडले की फोटो थेट तिकडे जातात, शिवाय कार्ड एक्सफॅट या फाइली साठवण्याच्या पद्धतीचे असले तरी चालते, त्यामुळे फॅट३२ या जुन्या पद्धतीतील प्रत्येक फाइलमागे चार जीबीची मर्यादा आड येत नाही.

इतर ॲपना कार्डावर काही लिहायचे असले की मात्र पंचाईत सुरू होते. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून बाहेरून घेतलेल्या ॲपना कार्डावर परवानगीविना फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येते, ५.० मध्ये वापरकर्त्याने फोल्डर निवडून देण्याची सोय आली, तर ११ मध्ये तीही आवळली गेली. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या ॲपसाठी मी कार्ड निवडले, तेव्हा गोपनीयतेसाठी दुसरे फोल्डर निवडा अशी सूचना आली. नवे फोल्डर तयार करून ‘हे फोल्डर वापरा’ आणि मग ‘अनुमती द्या’ असे दाबल्यावरच काम झाले. ही खटपट टाळून ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये रेकॉर्डिंग ठेवण्यात मोठा धोका आहे, कारण ॲप काढून टाकले की ते फोल्डरही त्यातल्या सर्व फाइलींसह पुसले जाते आणि याची ठळक सूचना हा फोन कुठेही देत नाही.

या बंधनांमागचे कारण रास्त आहे. फॅट३२ किंवा एक्सफॅट कार्डावर कोणती फाइल कोणाची याची नोंदच नसते, त्यामुळे पूर्वी एकदा परवानगी मिळालेले ॲप सगळे कार्ड चाळू शकत असे. पण अँड्रॉइड ६.० मध्ये कार्ड एन्क्रिप्ट करून, म्हणजे त्यावरचा मजकूर सांकेतिक रूपात बदलून, फोनच्या अंतर्गत साठवणीत जोडून घेण्याचा जो पर्याय आला, तो या उत्पादकाने काढून का टाकला, हे समजत नाही. तसे जोडलेले कार्ड दुसऱ्या उपकरणात वाचता येत नाही, हे खरे. तरीही तो निर्णय मालकावर सोडायला हवा होता. ॲप कार्डावर हलवण्याचे बटण इथे आहे, पण हलतो तो ॲपचा काही भाग, आणि तोही पुढच्या अपडेटनंतर बहुधा परत आत येऊन बसतो.

त्यामुळे खोक्यावरच्या ‘एक टीबीपर्यंत वाढवता येणारी साठवण’ या ओळीवर विसंबून कमी जीबीचा फोन घेऊ नये. खेळ आणि मोठी ॲप वापरणाऱ्यांनी कार्डासाठी राखलेले पैसे अंतर्गत साठवण अधिक असलेल्या प्रकाराकडे वळवावेत.