व्यवसाय शिक्षण पाहायला जर्मनी की फिनलंड?

आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक असलेल्या माझ्या मैत्रिणीला अभ्यासदौऱ्यासाठी या दोहोंपैकी एकच देश निवडायचा आहे. व्हिसा दोन्हीकडे शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच. खरा फरक तिथे काय पाहायला मिळते यात आहे.

जर्मनीत १९६९ च्या कायद्याने बांधलेल्या दुहेरी पद्धतीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातून साधारण एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कंपनीत असतो, म्हणून नुसती शाळा पाहिली तर चित्र अर्धेच दिसते आणि कंपनीची परवानगी आधी मिळवावी लागते. उमेदवाराची नोंदवही मात्र आवर्जून मागून पाहावी: कोणते काम केले, हे त्याने स्वतः लिहिलेले असते आणि प्रशिक्षक ते तपासून सही करतो. शिकवणे जर्मनमध्ये चालते, तेव्हा दुभाष्याचा खर्च धरावा.

फिनलंडमध्ये इंग्रजीवर बरेच भागते. २०१८ च्या सुधारणेनंतर तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचा वैयक्तिक आराखडा ठरतो आणि कौशल्याची परीक्षा प्रत्यक्ष कामातूनच होते. मूल्यमापन शिक्षक आणि कामाच्या ठिकाणचा जाणकार मिळून करतात.

कारखान्यांशी करार उभारायचे असतील, त्यांनी जर्मनीला जावे. मैत्रिणीच्या फिटरच्या वर्गात दहावी नुकती झालेली आणि वर्कशॉपमध्ये राबून आलेली मुले एकत्र बसतात; अशा वर्गाला प्रत्येकाचा वेगळा आराखडा कसा ठरतो हे पाहणे उपयोगाचे, म्हणून तिने फिनलंडच निवडावे.