शाळेची पारख: शिष्यवृत्ती की वाचनचाचणी?
साताऱ्यात माण-खटावकडं शाळेचा दर्जा विचारला की लोक शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीकडे बोट दाखवतात. ३०० गुणांची ही परीक्षा पोरांना अभ्यासाची शिस्त लावते, माझा तिला विरोध नाही. पण यादीत झळकतात चार-दोन मुलं. मागच्या बाकावरच्यांचं काय? २००५ साली सुरू झालेलं, ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारं ‘असर’ सर्वेक्षण घरोघरी जाऊन एकेका मुलाकडून दुसरीच्या पातळीपर्यंतचा मजकूर वाचून घेतं. जोडाक्षरापाशी अडखळणारं पोर तिथं लगेच कळतं. मात्र ते निवडक गावांतच होतं, एकेका शाळेचा हिशेब देत नाही. म्हणून मला वाटतं, अशी वाचनचाचणी शाळा व्यवस्थापन समितीनंच दर सत्राला घ्यावी आणि मुलांची नावं न घेता निकाल ग्रामसभेत मांडावा. अभिनंदनाचे फलक त्यानंतर लावा.